वॉशिंग्टनचा १९६१ चा हंगाम: एक विजय, बारा पराभव आणि एक भाडेकरार

१ ऑक्टोबर १९६१, रविवार. अमेरिकेच्या राजधानीत अनाकोस्टिया नदीच्या काठी उभारलेल्या कोऱ्या करकरीत स्टेडियममध्ये पहिला सामना होता. यजमान संघ वॉशिंग्टनचा, पाहुणा न्यूयॉर्क जायंट्स. प्रेक्षक सुमारे ३७ हजार. बाहेर दरवाजापाशी नागरी हक्क संघटनांचे कार्यकर्ते फलक घेऊन उभे होते. त्याच सुमारास अमेरिकन नाझी पक्षाचे लोकही निदर्शनांना उतरले होते, मात्र यजमान संघाच्या मालकाला पाठिंबा देण्यासाठी. हा संघ गोराच राहू द्या, अशा अर्थाचा मजकूर त्यांच्या फलकांवर होता. स्वस्तिक मिरवणाऱ्यांनी एखाद्या क्रीडासंघाची पाठराखण करावी, असे त्या संघात होते तरी काय?

वॉशिंग्टनने तो सामना २१–२४ असा गमावला. त्या हंगामात संघ १४ सामने खेळला. १२ हरला, एक बरोबरीत सुटला आणि एकच जिंकला. आजचा धागा या हंगामाविषयी आहे. गुणफलक थोडा बाजूला सारून त्यामागचा व्यवहार पाहायचा आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू, हातात धरून पळायचा लंबगोल चेंडू, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी आणि चेंडू घेऊन अंतिम पट्ट्यात शिरल्यास सहा गुण. खेळाची सूत्रे क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूच्या हाती असतात. एवढे पुरे, या धाग्यातला खरा खेळ मैदानाबाहेरचा आहे.

आता मालकाची ओळख करून घेऊ. जॉर्ज प्रेस्टन मार्शल, जन्म १८९६, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्राफ्टन गावचा. वॉशिंग्टन शहरात त्याचा लाँड्रीचा मोठा धंदा होता. १९३२ मध्ये त्याने बोस्टन शहरात एक व्यावसायिक संघ उभा केला, पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘रेडस्किन्स’ ठेवले आणि १९३७ साली सगळा बाडबिस्तरा घेऊन तो राजधानीत आला. (हे नाव अमेरिकेतील मूळनिवासींसाठी वापरली जाणारी हेटाळणी आहे. यापुढे आपण संघाला केवळ वॉशिंग्टन म्हणू.)

मार्शलला निव्वळ खलनायक ठरवून पुढे जाणे सोपे आहे, परंतु त्याने इतिहास कळत नाही. हा मनुष्य अस्सल तमासगीर होता, ‘शोमॅन’ या अर्थाने. फुटबॉलचा सामना म्हणजे एक संपूर्ण करमणूक असते, हे ज्यांना सर्वांत आधी उमगले त्यांत तो होता. मध्यंतरात वाद्यवृंद, संघाचे स्वतःचे गीत, रंगीत मिरवणुका या गोष्टी त्याने व्यावसायिक फुटबॉलमध्ये रुजवल्या. १९३३ मध्ये शिकागोच्या जॉर्ज हॅलसच्या साथीने त्याने नियमांत बदल घडवून आणले. पुढे पास फेकण्यावरची बंधने सैल झाली, संघांची दोन गटांत विभागणी झाली आणि दोन्ही गटविजेत्यांत अंतिम सामना होऊ लागला. आजच्या सुपर बोलचे मूळ शोधत गेले तर वाटेत मार्शल भेटतोच. राजधानीत आल्या वर्षीच सॅमी बॉ या विलक्षण खेळाडूच्या बळावर त्याच्या संघाने विजेतेपद पटकावले. १९४२ मध्ये पुन्हा. मधल्या १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागोने त्यांना ७३–० असे चिरडले होते, हाही विक्रमच.

परंतु याच मार्शलच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९६१ सालीही नव्हता.

येथे जरा मागे जाऊ, कारण एक गैरसमज सर्रास आढळतो. वर्णभेद आधी सर्वत्र होता आणि मग हळूहळू कमी होत गेला, अशी सरळ रेष आपण मनात आखतो. या खेळाचा इतिहास तसा सरळ नाही. १९२० च्या दशकात व्यावसायिक फुटबॉलमध्ये मूठभर का होईना, कृष्णवर्णीय खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड तर अ‍ॅक्रन संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षकही होता. १९३३ च्या हंगामात जो लिलर्ड आणि रे केम्प असे दोघे उरले, आणि १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही नाही. म्हणजे दार उघडे होते ते बंद करण्यात आले. असा लेखी नियम कोठेही नव्हता. मालकांमध्ये अलिखित समजूत होती, आणि तिच्यामागे मार्शलचा हात असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. अलिखित समजुतीचे वैशिष्ट्य असे की तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येत नाही.

ही समजूत मोडली १९४६ मध्ये, आणि ती कशी मोडली हे लक्षात ठेवा. पंधरा वर्षांनी तोच डाव पुन्हा पडणार आहे. क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाला. तेथील विशाल कोलिझियम मैदान सार्वजनिक मालकीचे. जनतेच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात जनतेतल्या एका समाजाला मज्जाव कसा चालेल, असा प्रश्न कृष्णवर्णीय पत्रकारांनी उपस्थित केला. रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलंड ब्राउन्सने मॅरियन मोटली आणि बिल विलिस यांना घेतले. पुढच्या दशकभरात एकामागून एक संघ बदलले. १९५० चे दशक सरत आले तेव्हा फक्त राजधानीचा संघ उरला होता.

त्या राजधानीचे स्वरूपही ध्यानात घ्या. १९६० च्या जनगणनेत वॉशिंग्टन शहरातील निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. शहर त्यांचे आणि संघात त्यांच्यापैकी एकही नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा क्रीडास्तंभलेखक शर्ली पोविच वर्षानुवर्षे यावर लिहीत राहिला. शिवराळ भाषा त्याने कधी वापरली नाही. उपरोध हे त्याचे हत्यार. क्लीव्हलंडच्या जिम ब्राउनने वॉशिंग्टनविरुद्ध गुणांची लूट केली की पोविच लिहायचा, संघात येण्यास जो जन्मतःच अपात्र, त्याने त्या संघाच्या अंतिम पट्ट्यात मात्र वर्णसमता आणली. ‘अ‍ॅफ्रो-अमेरिकन’ या वृत्तपत्रात सॅम लेसीही हाच विषय लावून धरत होता. मार्शलवर कशाचाच परिणाम झाला नाही. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सने गोरे खेळाडू घेतले की मीही कृष्णवर्णीय घेईन, असे तो म्हणत असे. हा बास्केटबॉलचा करमणुकीसाठी खेळणारा, कृष्णवर्णीयांचा प्रख्यात चमू होता.

मार्शलच्या हट्टामागे पूर्वग्रह होता की धंदा? त्याच्या बाजूचे लोक धंद्याकडे बोट दाखवतात. दीर्घकाळ वॉशिंग्टन हा लीगमधला सर्वांत दक्षिणेकडचा संघ होता. मार्शलने दक्षिणेतील राज्यांत आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांचे जाळे विणले, निवड करताना दक्षिणेतील विद्यापीठांच्या खेळाडूंना झुकते माप दिले, आणि वाद्यवृंदाकडून दक्षिणेचा अभिमान जागवणारी ‘डिक्सी’ ही धून वाजवून घेतली. दक्षिणेतला गोरा प्रेक्षक हा त्याचा ग्राहक होता. तो दुखावेल म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू नकोत, असा हा युक्तिवाद.

हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. एक तर १९६० मध्ये थेट टेक्सासात डॅलस काउबॉइज हा नवा संघ उभा राहिला आणि त्यात पहिल्या वर्षापासून कृष्णवर्णीय खेळाडू होते. दक्षिणेतल्या बाजारपेठेत राहूनही ते शक्य होते. दुसरे असे की सतत हरणारा संघ हा कोणत्याही धंद्यात तोट्याचाच माल. आणि तिसरा पुरावा मार्शलने स्वतःच मागे ठेवला. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

डॅलसचा उल्लेख आलाच आहे तर एक गंमत सांगायला हवी. नव्या संघाच्या प्रवेशाला सर्वांत तीव्र विरोध मार्शलचा होता. दक्षिणेत त्याला भागीदार नको होता. डॅलसचा भावी मालक क्लिंट मर्चिसन याने एक अफलातून डाव टाकला. मार्शलचे आणि वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे फाटले होते. मर्चिसनने त्या प्रमुखाकडून वॉशिंग्टनच्या संघगीताचे हक्कच मिळवले. आता मार्शलला आपल्याच मैदानात आपले लाडके गीत वाजवता येईना. शेवटी सौदा झाला: गीत परत, बदल्यात मत. डॅलस लीगमध्ये आला. ही कथा ध्यानात ठेवा, कारण १९६१ च्या हंगामाचा शेवट डॅलसपाशीच होतो.

आता त्या भाडेकराराकडे वळू.

वॉशिंग्टन संघ आजवर ग्रिफिथ स्टेडियम या जुन्या, लहानशा बेसबॉल मैदानात खेळत होता. नवे डी.सी. स्टेडियम जवळपास ५० हजार प्रेक्षकांचे होते. मार्शलने ३० वर्षांचा करार केला आणि तो खूश झाला. परंतु स्टेडियमची जमीन अनाकोस्टिया उद्यानाची, उद्यान राष्ट्रीय उद्यान सेवेचे, आणि ती सेवा संघराज्य सरकारच्या इंटिरियर खात्याच्या अखत्यारीत. (या खात्याचे भाषांतर ‘गृहखाते’ असे करण्याचा मोह टाळावा. पोलिसांशी त्याचा संबंध नाही. सार्वजनिक जमिनी, उद्याने, खनिजे आणि मूळनिवासींची प्रकरणे हे त्याचे विषय.) म्हणजे मार्शलने नकळत आपली मान सरकारच्या हातात दिली होती.

जानेवारी १९६१ मध्ये जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले. इंटिरियर खात्याचे मंत्री झाले अ‍ॅरिझोनाचे स्ट्युअर्ट युडाल. विद्यार्थिदशेत त्यांनी आपल्या भावासह अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे भोजनालय कृष्णवर्णीयांना खुले करवून घेतले होते. तेव्हा हा विषय त्यांना नवा नव्हता. ६ मार्च रोजी केनेडींनी एक आदेश काढून सरकारी कंत्राटदारांना नोकरभरतीत वर्णभेद करण्यास मनाई केली. २४ मार्चला युडाल यांनी मार्शलला पत्र पाठवले. उद्यानक्षेत्रातील सार्वजनिक वास्तू वापरणाऱ्या कोणालाही नोकरभरतीत भेदभाव करता येणार नाही, असा नियम आता लागू झाला आहे. तो मोडल्यास स्टेडियम वापरता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय.

डाव किती नेमका आहे पाहा. खेळाडू हेही नोकरच. संघ त्यांना पगार देतो. संघात कोण असावे हे सरकार सांगत नाही. आमच्या जागेत धंदा करायचा तर आमच्या अटी पाळा, एवढेच जमीनमालक म्हणून सांगते. नागरी हक्कांचा व्यापक कायदा संमत व्हायला अजून तीन वर्षे होती. दक्षिणेतील सिनेटरांना दुखवायला केनेडी कचरत होते. संसदेतून असा कायदा पुढे रेटण्याची त्यांची तयारी नव्हती. अशा वेळी भाडेकरार हा कायद्याला पर्याय ठरला.

मार्शल खवळला. नाटकात कोणाला कोणती भूमिका द्यायची हे सरकार आता निर्मात्याला सांगणार काय, असा त्याचा सवाल होता. त्याच्या बाजूने पत्रे आली तशीच विरोधातही आली. मे महिन्यात ‘फ्रीडम रायडर्स’वर दक्षिणेत प्राणघातक हल्ले झाले आणि सगळ्या देशाचे लक्ष वर्णभेदावर खिळले. मार्शलच्या हातात वेळ कमी होता. स्टेडियम ऑक्टोबरमध्ये उघडायचे होते.

येथे लीगचा तरुण आयुक्त पीट रोझेल पुढे सरसावला. रोझेलला मानवी हक्कांची चाड किती होती कोण जाणे, परंतु त्याला सरकारशी वैर परवडणारे नव्हते. सर्व संघांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याची त्याची योजना होती आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाल्याखेरीज ती अमलात येणार नव्हती. ती सूट देणाऱ्या विधेयकावर केनेडींनी ३० सप्टेंबर १९६१ रोजी सही केली; नव्या स्टेडियममधील पहिल्या सामन्याच्या बरोबर आदल्या दिवशी. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. मात्र ज्या लीगला संसदेकडून इतकी मोठी सवलत हवी होती तिला राजधानीतच हा तमाशा नको असणार, हे उघड आहे. शिवाय त्या कायद्याने मार्शलच्या दक्षिणेतल्या प्रक्षेपणजाळ्याचे महत्त्वही संपवले, कारण १९६२ पासून सीबीएस या वाहिनीने दिलेला पैसा सगळ्या संघांत समान वाटला जाऊ लागला.

ऑगस्टमध्ये रोझेलशी झालेल्या बोलण्यांनंतर मार्शलने लिहून दिले की डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये आपण कृष्णवर्णीय खेळाडू निवडू. युडाल यांनी १९६१ च्या हंगामापुरती मुभा दिली. ड्राफ्ट म्हणजे विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंच्या निवडीची वार्षिक फेरी. आयपीएलसारखी बोली तेथे नसते. संघ पाळीपाळीने निवडतात आणि सर्वांत दुबळ्या संघाला सहसा पहिली पाळी मिळते. तेव्हा १९६१ चा हंगाम पूर्वीप्रमाणेच, संपूर्ण गोऱ्या संघानिशी खेळला गेला. लीगमध्ये कोणत्याही संघाने असा खेळलेला तो शेवटचा हंगाम.

आता त्या हंगामाची कर्मकहाणी.

आदल्या वर्षी संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला होता. प्रशिक्षक माइक निक्सन गेला, बिल मॅकपीक आला. क्वार्टरबॅक म्हणून वेक फॉरेस्ट विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला नॉर्म स्नीड, वय वर्षे २२. सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली ती ३–३५ अशी. मग फिलाडेल्फिया, मग नव्या घरातला तो पहिला पराभव. क्लीव्हलंडविरुद्ध ७–३१. त्यानंतर सलग दोन सामन्यांत वॉशिंग्टनला एकही गुण मिळवता आला नाही: सेंट लुइसविरुद्ध ०–२४, पिट्सबर्गविरुद्ध ०–२०. फिलाडेल्फिया हा आदल्या वर्षीचा विजेता. त्याच्याशी मात्र निकराची झुंज होऊन २४–२७ असा निसटता पराभव झाला. आता गाडी रुळावर येईल असे वाटले असेल तर पुढचा सामना न्यूयॉर्कमध्ये होता आणि त्याचा निकाल होता ०–५३.

तिकीट काढून हे पाहणाऱ्या प्रेक्षकाची दया येते. नव्या स्टेडियमात तो हौसेने येत होता आणि दर खेपेस मान खाली घालून परतत होता; येताना आणि जाताना निदर्शकांच्या रांगेतून वाट काढत. कृष्णवर्णीय प्रेक्षकांची स्थिती आणखी विचित्र होती. त्यांच्यातले कित्येकजण मैदानात येत ते पाहुण्या संघाला प्रोत्साहन द्यायला.

आणि स्नीड? वर्षभरापूर्वीपर्यंत विद्यापीठात शिकणारा हा तरुण दर रविवारी लीगमधल्या सर्वांत दांडग्या बचावफळ्यांच्या पायदळी तुडवला जात होता. धोरण मालकाचे आणि मार याला. पुढे तो दीर्घकाळ खेळला, याचेच नवल.

१९ नोव्हेंबरला डॅलसमध्ये २८–२८ अशी बरोबरी झाली. पराभव नाही एवढेच समाधान. त्यानंतर पुन्हा तीन पराभव. आदल्या वर्षीचे धरले तर लागोपाठ २३ सामने विजयाविना गेले होते.

अखेरचा सामना १७ डिसेंबरला, घरच्या मैदानावर आणि पुन्हा डॅलसशी. त्या दिवशी डिक जेम्स या छोट्या चणीच्या खेळाडूच्या अंगात संचारले. त्याने एकट्याने चार टचडाउन केले आणि वॉशिंग्टन ३४–२४ असे जिंकले. गंमत अशी की १९६० मधला एकमेव विजयही डॅलसवरच मिळवलेला होता. ज्या संघाला लीगमध्ये येऊ देऊ नये म्हणून मार्शल आकाशपाताळ एक करत होता, तोच संघ नसता तर दोन वर्षांत त्याच्या पदरी एकही विजय पडला नसता! हंगामाची बेरीज: केलेले गुण १७४, दिलेले गुण ३९२.

हा संघ इतका दुबळा होता तो केवळ वर्णभेदामुळे काय? तरुण अभ्यासकांनी येथे सावध राहावे. संघाला १९५५ नंतर एकही चांगला हंगाम लाभला नव्हता. मालक प्रशिक्षकाच्या कामात नाक खुपसत होता, प्रशिक्षक बदलत होते. ही कारणेही खरी आहेत. परंतु प्रतिस्पर्ध्यांकडे पाहा. क्लीव्हलंडकडे जिम ब्राउन, बाल्टिमोरकडे लेनी मूर, न्यूयॉर्ककडे रोझी ब्राउन. शिवाय दक्षिणेतील ग्रँबलिंगसारख्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांतून उत्तम खेळाडू तयार होत होते आणि इतर संघ ते टिपत होते. मार्शल मात्र सगळ्या देशातली अर्धीच बाजारपेठ पाहून खरेदी करत होता. बॉबी मिचेल नावाचा धावपटू १९५८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीपर्यंत कोणीही न घेतलेला शिल्लक होता. सहा फेऱ्या सगळ्याच संघांनी त्याला डावलले, हे खरे. पण बाकीच्यांचे डावलणे हा पारखण्यातला दोष होता. वॉशिंग्टनच्या बाबतीत पारखण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मिचेलला क्लीव्हलंडने घेतले.

४ डिसेंबर १९६१ रोजी ड्राफ्ट झाला. दुबळ्यांतला दुबळा म्हणून पहिली पाळी वॉशिंग्टनची. दिलेल्या शब्दाप्रमाणे मार्शलच्या संघाने नाव पुकारले ते सिराक्यूज विद्यापीठाच्या अर्नी डेव्हिसचे. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान म्हणजे हाइजमन चषक. तो जिंकणारा डेव्हिस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आठव्या फेरीत मिशिगन स्टेटच्या रॉन हॅचरची निवड झाली आणि या संघाशी करार करणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून त्याचे नाव नोंदले गेले.

डेव्हिस मात्र वॉशिंग्टनकडून कधीच खेळला नाही. त्याच्या बदल्यात क्लीव्हलंडकडून बॉबी मिचेल आणि लेरॉय जॅक्सन हे दोघे घेण्याचा सौदा झाला. डेव्हिस आणि जिम ब्राउन एकाच संघात, या कल्पनेने क्लीव्हलंडकर हरखून गेले. १९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, तो वारला. व्यावसायिक लीगचा एकही सामना त्याच्या नशिबी नव्हता.

इकडे वॉशिंग्टनमध्ये १९६२ चा हंगाम मिचेल, जॅक्सन, हॅचर आणि पिट्सबर्गहून आलेला जॉन निस्बी या चौघांसह सुरू झाला. पहिलाच सामना पुन्हा डॅलसशी! मिचेलने प्रतिस्पर्ध्याने मारलेला किकऑफ झेलून ९२ यार्डांची धाव घेतली आणि थेट टचडाउन केला. सामना ३५–३५ असा बरोबरीत सुटला. पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या जुन्या संघाला, क्लीव्हलंडला, १७–१६ असे हरवण्यात निर्णायक वाटा उचलला. पहिल्या सहा सामन्यांत वॉशिंग्टन एकदाही हरले नाही. हंगामअखेर पाच विजय, सात पराभव, दोन बरोबरी. मिचेलने ७२ झेल आणि १,३८४ यार्ड यांसह त्या वर्षी लीगमध्ये अव्वल स्थान पटकावले.

एकट्या मिचेलने संघाचे भाग्य पालटले असे समजू नये. मॅकपीकच्या कारकीर्दीत संघाला एकही चांगला हंगाम साधला नाही. त्यासाठी १९६९ आणि विन्स लोम्बार्डी यांची वाट पाहावी लागली.

आणि मिचेलला काय भोगावे लागले? शहरातील काही उपाहारगृहांनी त्याला सेवा नाकारली, शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याने पुढे सांगितलेला एक प्रसंग फार बोलका आहे. संघाच्या स्वागतभोजनात वाद्यवृंदाने ‘डिक्सी’ सुरू केले. शेजारी बसलेल्या मार्शलने त्याला कोपराने ढोसत म्हटले, गा की, बॉबी. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे ते गाणे. त्या क्षणी मिचेलच्या मनात काय आले असेल?

मार्शलला १९६३ मध्ये फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिल्याच तुकडीत स्थान मिळाले. त्याच वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि कारभार इतरांच्या हाती गेला. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याचे निधन झाले. वर ज्या तिसऱ्या पुराव्याचा उल्लेख केला तो म्हणजे त्याचे मृत्युपत्र. आपल्या संपत्तीतून मुलांच्या कल्याणासाठी एक न्यास स्थापन व्हावा असे त्यात लिहिले होते. मात्र वर्णसमतेच्या तत्त्वाला कोणत्याही स्वरूपात पाठबळ देणाऱ्या कामासाठी यातला पैसा वापरू नये, अशी अट होती. मेलेल्या माणसाला गिऱ्हाइकांची मने सांभाळायची नसतात. दक्षिणेतील बाजारपेठेचा युक्तिवाद मला पटत नाही तो मुख्यतः यामुळे.

मिचेलही १९८३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. खेळ सोडल्यावर त्याने याच संघाच्या व्यवस्थापनात अनेक दशके काम केले. सहायक सरव्यवस्थापकपदापर्यंत तो पोहोचला. सरव्यवस्थापकपद मात्र त्याला कधीच देण्यात आले नाही.

५ एप्रिल २०२० रोजी मिचेल वारला. त्याच वर्षी मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला आणि देश पेटला. १९ जूनला त्या जुन्या स्टेडियमबाहेरचे मार्शलचे स्मारक उखडण्यात आले. जुलैत संघाने आपले ८७ वर्षे जुने नावही टाकले. संघाच्या नव्या स्टेडियमात खालच्या सज्ज्याला मार्शलचे नाव होते. तेथे आता मिचेलचे लागले. त्याचबरोबर त्याचा ४९ क्रमांक कायमचा निवृत्त करण्यात आला. त्याआधी संघाने अधिकृतपणे निवृत्त केलेला क्रमांक एकच होता: १९३७ साली मार्शलला पहिले विजेतेपद मिळवून देणाऱ्या सॅमी बॉचा ३३.